‘लाल डोळा’ : एका उसन्या संज्ञेची परीक्षा

फ्लॅशच्या प्रकाशात टिपलेल्या छायाचित्रांत माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्या कधीकधी निखाऱ्यासारख्या लाल उमटतात. हा दोष संगणकावर घालवण्याची सोय छायाचित्र-संपादनाच्या बहुतेक प्रणालींत असते. इंग्रजीत या दोषास ‘रेड आय’ असे नाव आहे. मराठीत बोलताना स्टुडिओतील कारागीर ‘रेड आय’च म्हणतो, लिहिताना आणि शिकवताना मात्र त्याचे ‘लाल डोळा’ असे शब्दशः रूप करण्याकडे कल दिसतो. वरवर पाहता येथे भाषाभ्यासकाने लक्ष घालावे असे काहीच नाही. दोन शब्दांस दोन शब्द मिळाले, व्याकरणही बिघडले नाही. तथापि ही संज्ञा मराठीत आल्यावर दाखवावयाच्या वस्तूऐवजी भलतीच वस्तू दाखवू लागते, आणि तिच्यामुळे होणारी दिशाभूल केवळ शब्दापुरती राहत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम मूळ घटना पाहू. डोळ्याची बाहुली हे वस्तुतः बुबुळाच्या मध्यभागी असलेले छिद्र होय. बाहेरचा प्रकाश त्यातून आत शिरतो, मागच्या दृष्टिपटलावर आणि त्याखालील रक्तवाहिन्यांच्या थरावर पडतो, आणि त्याचा काही अंश आल्या वाटेने परत फिरतो. त्या थरांतील रक्तामुळे परतणारा प्रकाश तांबडा असतो. हा तांबडा प्रकाश नेहमीच्या व्यवहारात कोणालाही दिसत नाही, कारण तो पाहण्यासाठी पाहणाऱ्याने आपला डोळा नेमका प्रकाशाच्या वाटेवर आणावा लागतो, आणि तसे केले की त्याचेच डोके प्रकाश अडवते. म्हणून समोरच्याची बाहुली काळी दिसते. ही अडचण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शक उपकरणाने दूर केली. प्रकाश आणि दृष्टी एका रेषेत आणण्याची युक्ती त्यात होती. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटून बसवला जाऊ लागला तेव्हा तीच युक्ती नकळत घरोघर पोचली. मंद उजेडात बाहुली विस्फारलेली असते, फ्लॅशचा झोत आणि भिंग यांतील कोन अगदी थोडा असतो, आणि बाहुली आकुंचन पावण्यापूर्वीच चित्र उमटते. मुलांच्या बाहुल्या मोठ्या असतात व घाऱ्या डोळ्यांत रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांत ही लाली अधिक उठून दिसते. फ्लॅश भिंगापासून दूर धरला, किंवा त्याचा झोत भिंतीवरून वळवून घेतला, तर ती उमटत नाही. मुख्य झोतापूर्वी एक लहान झोत सोडून बाहुली आकसवण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते ती याचसाठी.

या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मराठी भाषकाने आपल्या साऱ्या पूर्वायुष्यात माणसाची बाहुली लाल झालेली कधी पाहिलीच नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात गुराचे वा मांजराचे डोळे चमकताना त्याने पाहिले होते, आणि मेळघाट-ताडोब्याच्या भागात वाघाचेही. पण प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा स्वतंत्र थर असतो, माणसाच्या डोळ्यात तो नसतो. तेव्हा या घटनेला मराठीत शब्द नव्हता यात भाषेचे काही उणे नाही. घटनाच नवी होती. प्रश्न एवढाच की नव्या घटनेला जो शब्द दिला गेला तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला होता.

मराठीत डोळा लाल होतो तो पांढऱ्या भागात. राग, रडणे, जागरण, धूर, मद्य, ताप या सर्वांची खूण तीच. ‘डोळे लाल करणे’ म्हणजे संतापणे. ‘तांबारलेले डोळे’ म्हणजे न झोपलेले वा रडून सुजलेले डोळे. पौराणिक नाटकांतील ‘आरक्त नेत्र’ हे क्रोधाचे. या सर्व प्रयोगांत बुबुळ व बाहुली जशीच्या तशी काळी राहते, हे गृहीतच असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की डोळ्याच्या विकारांची मराठी नावे जागेच्या बाबतीत कमालीची काटेकोर आहेत. ‘डोळे येणे’ हा विकार पांढऱ्या भागाचा, ‘खुपऱ्या’ पापणीच्या आतल्या अंगाच्या, ‘वडस’ पांढऱ्यावरून काळ्याकडे सरकणारे, ‘फूल’ काळ्यावर पडणारे, ‘मोतीबिंदू’ बाहुलीच्या आत दिसणारा. ही नावे कोणा समितीने घडवलेली नाहीत. ज्या लोकांना रोग्याच्या डोळ्यात नुसत्या नजरेने पाहून निदान करावे लागत होते त्यांनी ती घडवली, आणि म्हणून त्यांत कोठे काय दिसते हे पक्के आहे. या शब्दसंग्रहाच्या शेजारी ‘लाल डोळा’ आणून ठेवला की त्याचे स्थान आपोआप ठरते: तो ‘डोळे येणे’ याच्या जवळ जाऊन बसतो. बाहुलीशी त्याचा संबंध कोणाच्याही मनात येत नाही.

यावर असे म्हणता येईल की इंग्रजीतही हीच अडचण आहे. ती आहेच, आणि ती लक्षात न घेता भाषांतर झाले हीच खरी तक्रार आहे. इंग्रजी वैद्यकात ‘रेड आय’ म्हणजे दाहाने लाल झालेला डोळा, अर्थात मराठी माणूस ज्याला लाल डोळा म्हणेल तोच. बाहुलीतून परतणाऱ्या तांबड्या प्रकाशास नेत्रवैद्य ‘रेड रिफ्लेक्स’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीत दोन घटनांना दोन नावे होती. छायाचित्रकारांनी सोयीसाठी पहिल्या घटनेचे नाव दुसरीला लावले. मराठीने घ्यावयाचेच होते तर वैद्यकातील नेमके नाव घ्यावयाचे. तिने घेतले ते कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील ढिले नाव. शिवाय इंग्रजी साधनांचे अंतरंग त्यांच्या नावापेक्षा अधिक शहाणे आहे. फोटोशॉपमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून जे ‘रेड आय’ साधन आहे त्याला दोनच मापे दिलेली आहेत: एक बाहुलीचा आकार, दुसरे काळे करण्याचे प्रमाण. नावात डोळा, मापात बाहुली. साधन घडवणाऱ्याला काम कोठे करावयाचे आहे हे ठाऊक होते; नाव देताना त्याने ते सांगितले नाही.

नाव ढिले असले तरी यंत्राला काय त्याचे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. यंत्राला नावाशी कर्तव्य नसते हे खरे. पण ‘लाल’ या शब्दाचा यंत्राने लावलेला अर्थ पाहण्यासारखा आहे. जिंप या मुक्त प्रणालीत २००७ च्या आवृत्तीपासून लाल बाहुल्या काळ्या करणारा एक फिल्टर आहे, आणि त्याचा नियम उघड असल्यामुळे कोणालाही तपासता येतो. चित्रातील प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा व निळा असे तीन घटक असतात आणि प्रत्येकाचे मूल्य ० ते २५५ यांमध्ये असते. फिल्टर तांबड्या घटकाला सुमारे ०.५१ ने, निळ्याला सुमारे ०.१९ ने गुणतो व हिरव्याला तसाच ठेवतो. असे केल्यावरही तांबडा दोघांपेक्षा वरचढ ठरला तर तो बिंदू लाल समजावयाचा, आणि त्याचे तांबडे मूल्य बाकीच्या दोघांच्या आधारे खाली आणावयाचे. त्वचेत हिरवा घटक पुरेसा असतो, त्यामुळे ती बहुधा वाचते. पण कपाळावरील कुंकवाचा एखादा बिंदू घ्या: तांबडा १८०, हिरवा २०, निळा ३०. तांबड्याचे गुणित मूल्य सुमारे ९२, हिरव्याचे २०, निळ्याचे ६. बिंदू लाल ठरला. नवे तांबडे मूल्य येते सुमारे २५. म्हणजे २५, २० आणि ३०, जवळजवळ काळा.

डोळ्यांभोवती आधी मर्यादा आखून न घेता हा फिल्टर साऱ्या चित्राला लावला तर लग्नातील छायाचित्रात नवरीचे कुंकू काळे पडते, शालूचा लाल काठ विझतो, विड्याने रंगलेले ओठ काळवंडतात. म्हणूनच वापरणाऱ्याने डोळे आधी निवडून घ्यावेत अशी सूचना तेथे दिलेली असते. सूचना तांत्रिक आहे. जेथे कुंकू पुसले जाणे याला एकच आणि भयंकर अर्थ आहे त्या समाजात तिचे वजन निराळे. गणिताला लाल म्हणजे तीन आकड्यांतील एक नाते. मराठीत मात्र लाल आणि तांबडा हे शब्दसुद्धा एकजीव नाहीत: फारसीतून आलेला ‘लाल’ भडक, ठसठशीत, ‘ताम्र’पासून आलेला ‘तांबडा’ मातीचा, पहाटेचा, आणि ‘तांबारणे’ या क्रियापदामुळे डोळ्याच्या अधिक जवळचा. इतक्या बारकाव्यांची अपेक्षा फिल्टरकडून करता येत नाही. त्यांचे भान शब्द देणाऱ्याने ठेवावयाचे असते.

संज्ञेपेक्षा क्रियापदाची गोष्ट अधिक गमतीची आहे. इंग्रजीत येथे ‘रिमूव्ह’ असा आदेश असतो. त्याचे ‘काढा’ केले की ‘लाल डोळा काढा’ असे वाक्य सिद्ध होते. मराठीत डोळा काढणे ही शिक्षा आहे; कोणत्याही संगणकाकडून ती अपेक्षित नसावी. ‘दुरुस्त करा’ म्हटले तर निदान हिंसा टळते, पण दुरुस्तीस पात्र असा डोळा बिघडलेला आहे असे पुन्हा सूचित होते. वास्तविक येथे डोळा बिघडलेला नाही, काढावयाचाही नाही. चित्रातील एका वर्तुळाचा रंग बदलावयाचा आहे.

पारिभाषिक शब्दांची ही चर्चा नागपुरात व्हावी हे उचितच आहे. डॉ. रघुवीर यांनी आपली सरस्वती विहार ही संस्था १९४६ मध्ये लाहोरहून येथे आणली, आणि १९५६ मध्ये ती दिल्लीस जाईपर्यंत परिभाषानिर्मितीचा एवढा मोठा एकहाती उद्योग या शहरात चालू होता. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ चा. त्यांच्या पद्धतीवर झालेली टीका सर्वांस परिचित आहे: ऑक्सिजनसाठी ‘जारक’, हायड्रोजनसाठी ‘उदजन’, नायट्रोजनसाठी ‘भूयाति’ हे शब्द रुजले नाहीत. पण त्या पद्धतीचा गुण टीकेच्या गदारोळात हरवला. एका धातूपासून शब्दांचे सबंध कुल उभे करावयाचे, म्हणजे एक शब्द कळला की त्याचे भाऊबंद कळावेत, हा तिचा आग्रह होता. ‘विधि’पासून निघणारी विधान, विधेयक, संविधान ही मालिका त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. दोष असा की इंग्रजी शब्दाचे घटक जसे, तसे संस्कृत घटक जुळवण्याकडे तिचा ओढा राही, आणि इंग्रजी नावच वस्तूला अयथार्थ असेल तर ती अयथार्थता भाषांतरात सुखरूप उतरे. ‘रेड आय’ला त्या साच्यात घातले असते तर ‘रक्ताक्ष’ मिळाला असता. हा शब्द दिसायला भारदस्त, पण तोही मोकळा नाही. संस्कृतात रक्ताक्ष हे रेड्याचे नाव आहे, पंचतंत्रातील घुबडांच्या राजाच्या एका अमात्याचे नाव आहे, आणि साठ संवत्सरांतील अठ्ठावन्नावा रक्ताक्षी आहे. शके १९०६, म्हणजे १९८४-८५ हे वर्ष त्याचे होते. ‘लाल डोळा’ आणि ‘रक्ताक्ष’ यांत एक देशी आणि दुसरा संस्कृत एवढाच भेद. चूक दोघांची एकच. तद्भव की तत्सम या वादात आपल्याकडे जेवढी शाई खर्च झाली तिच्यातील थोडी वस्तू तपासण्याकडे वळली असती तर बरे झाले असते.

आता या सर्व ऊहापोहाचा गंभीर भाग. नेत्रवैद्यकात बाहुलीतून परतणारी लाली हे आरोग्याचे चिन्ह मानले जाते. प्रकाश बाहुलीतून दृष्टिपटलापर्यंत अडथळ्याविना पोचला आणि परतला, एवढे ती सांगते. नवजात बालकाच्या दोन्ही डोळ्यांत ती सारखी दिसते की नाही हे डॉक्टर मुद्दाम तपासतात. तिच्या जागी पांढुरकी चमक दिसणे हे काळजीचे लक्षण होय. ती मोतीबिंदूची असू शकते, आणि लहान मुलांत दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असू शकते. हा कर्करोग साधारणतः पंधरा ते अठरा हजार जन्मांत एका मुलास होतो आणि भारतात त्याचे दर वर्षी सुमारे १,५०० नवे रुग्ण असावेत असा अंदाज आहे. वेळीच ओळखला तर मूल वाचते, पुष्कळदा डोळाही वाचतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलास हा विकार झाला. निदानानंतर त्यांनी घरातील सारी छायाचित्रे तपासली, तेव्हा मूल बारा दिवसांचे असतानाच्या चित्रातही बाहुलीतील पांढरी चमक आढळली. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह अशी चमक शोधणारी एक संगणकप्रणाली तयार केली, आणि २०१९ च्या शोधनिबंधात डोळ्याचे विकार असलेल्या वीस मुलांपैकी सोळांच्या जुन्या छायाचित्रांत ती निदानापूर्वी, सरासरी १.३ वर्षे आधी, सापडल्याचे नोंदवले. मूल कॅमेऱ्याकडे न पाहता थोडे बाजूला पाहत असेल तर निरोगी डोळ्यातही कधी पांढरी चमक उमटते, हेही येथे सांगितले पाहिजे. पांढरी बाहुली म्हणजे रोगच असे नव्हे, पण ती पुन्हापुन्हा दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास पुरेसे कारण होय.

एक बाहुली लाल आणि दुसरी पांढुरकी असे चित्र एखाद्या घरात आले, तर ‘लाल डोळा हा दोष’ एवढेच शिकलेला मनुष्य काय करील? तो लाल बाहुलीवर साधन चालवील. निरोगी डोळ्याची खूण पुसली जाईल, आणि संशयास्पद डोळ्याकडे, तो लाल नसल्यामुळे, लक्षही जाणार नाही. पुढे दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून पांढरीही काळी केली की चित्र सुंदर झाले आणि पुरावा संपला. संज्ञा चुकीची असल्याचा तोटा हा आहे. एखाद्या नावात ‘दोष’ हा अर्थ शिरला की ते नाव वापरणारा कोणता डोळा निरोगी हे उलटे वाचू लागतो. मूळ चित्र न बदलता त्याची प्रत दुरुस्त करावी, निदान लहान मुलांच्या बाबतीत, ही साधी सूचना संपादन शिकवणाऱ्या एकाही पाठात वगळली जाऊ नये.

मग शब्द कोणता घ्यावा? ‘रेड आय’ हा उसना शब्द बोलण्यात राहिला तर हरकत घेण्याचे कारण नाही. परका असल्यामुळे तो निदान मराठी अर्थाशी झगडत नाही, आणि या दृष्टीने स्टुडिओतील कारागीर भाषांतरकारापेक्षा बरोबर ठरतो. लिखित मराठीत मात्र ‘बाहुली’ या शब्दावाचून गत्यंतर नाही. हा शब्द मराठीला सहज मिळालेली देणगी आहे. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले असता आपले इवलेसे प्रतिबिंब दिसते, त्यावरून ही जागा बाहुली झाली. हिंदीतील ‘पुतली’ याच कल्पनेची. लॅटिन ‘पुपिला’ म्हणजेही छोटी मुलगी, बाहुली, आणि त्यापासूनच इंग्रजी शब्द निघाला. ग्रीक ‘कोरे’चाही अर्थ कन्या. अमरकोशात या जागेस तारका व कनीनिका अशी नावे आहेत, आणि कनीनिकेतही कन्या दडलेली आहे. परस्परांपासून इतक्या दूरच्या भाषांनी एकाच जागी एकच चित्र पाहावे हे तौलनिक अर्थविचाराचे सुंदर उदाहरण होय. फ्लॅशच्या छायाचित्रात पाहणाऱ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली एवढाच फरक. बाहुलीवर जो शुभ्र ठिपका उमटतो ते त्या दिव्याचेच प्रतिबिंब असते, आणि जाणता कारागीर लाली घालवताना तो ठिपका सांभाळतो, कारण तो गेला की चेहरा निर्जीव दिसतो.

तेव्हा घटनेस ‘बाहुलीची लाली’ म्हणावे. ‘लाली’ पहाटेची असते, गालांची असते. तिच्यात विकाराचा वास नाही, आणि प्रस्तुत घटना विकार नसल्यामुळे हेच इष्ट आहे. आदेश ‘बाहुली काळी करा’ असा असावा. काय होणार आहे ते त्यात नेमके आले. उलट लक्षणास ‘पांढरी बाहुली’ म्हणावे, म्हणजे रघुवीरांना हवे होते तसे शब्दांचे कुल होते आणि ते शिकण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. बाहुली म्हणजे खेळणे असा घोटाळा होईल ही शंका फार टिकणारी नाही. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत ‘डोळ्याची बाहुली’ हीच संज्ञा आहे आणि मुले तिथे अडखळत नाहीत. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळी’ची ‘काई’ होते. पण ‘पांढरी बाहुली’ खेड्यातल्या आईला सांगताना परिचारिकेला त्यातला एकही शब्द समजावून द्यावा लागणार नाही. ‘रिफ्लेक्स’साठी ‘परावर्तन’ योजून ‘लोहित परावर्तन’ असे काही करता आले असते, आणि एखाद्या पारिभाषिक कोशात ते शोभलेही असते. ते त्या आईपर्यंत मात्र पोचले नसते.